खांबावरून चरात

रस्त्याच्या कडेचा तारांचा खांब मुळात माघार घेताना उभा राहिला. १८४३ साली सॅम्युअल मोर्स यांनी वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यातली तारायंत्राची वाहिनी शिशाच्या नळीत घालून जमिनीत पुरायला घेतली होती. तारेभोवतीचे आवरण टिकले नाही, प्रवाह वाटेतच झिरपू लागला आणि काही मैलांचे काम झाल्यावर तो मार्ग सोडावा लागला. पुढच्या वर्षी मे महिन्यात या दोन शहरांमध्ये संदेश गेला तो खांबांवर ताणलेल्या तारांमधून. उघड्या तारेभोवतीची हवा दोन कामे फुकट करते: ती विजेला बाहेर जाऊ देत नाही आणि तारेची उष्णता वाहून नेते. तार पुरायची म्हणजे पहिले काम आवरणाकडून आणि दुसरे मातीकडून करून घ्यायचे. भूमिगत वाहिनीचा खर्च, तिचे आयुष्य आणि तिचे आजार या एका गोष्टीतून निघतात.

पुढच्या चाळीस वर्षांत आवरणे सुधारली. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसन यांचे न्यूयॉर्कमधले पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या मुख्य वाहिन्या रस्त्याखाली लोखंडी नळ्यांमध्ये होत्या. त्याच शहरात तारायंत्र, टेलिफोन आणि आर्कदिव्यांच्या कंपन्या मात्र एकावर एक तारा चढवत राहिल्या. तारा जमिनीखाली न्याव्यात, असा कायदा न्यूयॉर्क राज्याने १८८४ मध्ये केला. कंपन्यांनी चालढकल केली. मार्च १८८८ च्या हिमवादळात खांब आणि तारा कोसळून शहराचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला, तरी काम रेंगाळलेच. ऑक्टोबर १८८९ मध्ये तारायंत्राच्या एका कामगाराचा भरदिवसा, गजबजलेल्या रस्त्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत तारांच्या जाळ्यात अडकून मृत्यू झाला. त्यानंतर महापालिकेची माणसे कुऱ्हाडी घेऊन खांब तोडायला निघाली.

मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली आणि १९४७ मध्ये हा सगळा कारभार महापालिकेकडे आला; तोच आजचा बेस्ट उपक्रम. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्टचे वीजवितरण आज संपूर्ण भूमिगत आहे. ट्रामच्या डोक्यावरच्या तारा १९६४ मध्ये ट्रामबरोबर गेल्या. जुन्या मुंबईत वाढलेल्या माणसाला विजेचा खांब म्हणजे दिव्याचाच खांब वाटतो, तो यामुळे. पुणे, नाशिक, कल्याण, कोल्हापूर इथल्या जुन्या भागांत चित्र वेगळे दिसते. तिथे एकाच वस्तीत उघड्या तारा, आवरण असलेल्या तारा आणि जमिनीतली केबल अशा तीन पिढ्या शेजारीशेजारी नांदतात.

उघड्या तारांचे दुखणे महाराष्ट्राच्या हवेत ठरलेल्या वेळी उफाळते. उन्हाळाभर तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर वळवाचे गार पाणी पडले की त्याला तडा जातो. त्या तड्यात पाणी शिरते आणि उपकेंद्रातून वीज आणणारी मुख्य वाहिनी, म्हणजे फीडर, बंद पडते. पहिल्या पावसात वीज जाण्यामागे अनेकदा हा न दिसणारा तडा असतो. समुद्राकाठी इन्सुलेटरवर मिठाचा थर साचतो आणि दमट हवेत त्यावरून ठिणगी पळते. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात. त्या पडतात त्या तारांवर. वटवाघळे, कावळे आणि संक्रांतीचा मांजा यांची भर पडते. गणेशोत्सवात उंच मूर्तीच्या पुढे बांबूने तारा उचलून धरणारे कार्यकर्ते दिसतात. त्यातली प्रत्येक तार मृत असेलच याची खात्री देणारे तिथे कोणी नसते.

सगळ्यांत भयंकर धोका पेठांमधला आहे. वाडा पाडून इमारत होते, गॅलरी पुढे येते आणि कधी काळी सुरक्षित अंतरावर असलेली तार कपडे वाळत घालायच्या काठीच्या टप्प्यात येते. तार जागची हललेली नसते. वस्ती तिच्याकडे सरकलेली असते.

यावर मधला मार्ग आहे. आवरण घातलेल्या तारा एकत्र पिळून त्याच खांबांवर टाकायच्या. लाइनमन तिला एबी केबल म्हणतात. फांदी घासली तरी ती बंद पडत नाही, तिच्यावर वीजचोरीचा आकडा टाकता येत नाही आणि खर्च भूमिगत केबलच्या मानाने फार कमी येतो. जिथे गल्ली अरुंद आहे आणि पैसा थोडा आहे, तिथे भूमिगत केबलसाठी दहा वर्षे वाट पाहण्यापेक्षा या वर्षी एबी केबल घालणे शहाणपणाचे. खांब कोसळला तर मात्र तीही कोसळते.

केबल पुरण्याची रीत भारतीय मानक १२५५ मध्ये सांगितली आहे. घरगुती दाबाची केबल जमिनीखाली किमान ७५ सेंटिमीटर, ११ हजार व्होल्टची ९० सेंटिमीटर आणि ३३ हजार व्होल्टची १०५ सेंटिमीटर खोल हवी. चराच्या तळाशी वाळू, वाळूवर केबल, पुन्हा वाळू, त्यावर विटांचा किंवा फरशांचा थर आणि मग माती. वाळूमुळे आवरणात दगड रुतत नाही. वीट असते ती पुढे कधी तरी येणाऱ्या कुदळीसाठी, म्हणजे घाव आधी तिच्यावर पडावा. हे सगळे नियम एका दिवसात मातीखाली जातात आणि नंतर तपासता येत नाहीत. कामाची लबाडी इथेच होते. मुंबई-पुण्याच्या काळ्या पाषाणात शेवटचे वीस-तीस सेंटिमीटर फोडायला निम्मा दिवस लागतो. चर बुजण्याआधी मोजपट्टी लावून काढलेला एक फोटो कंत्राटाच्या कित्येक पानांपेक्षा उपयोगी असतो.

मातीला उष्णता बाहेर न्यायची असते आणि माती ते काम ओली असताना नीट करते. मे महिन्यात ती कोरडी असते आणि त्याच महिन्यात वातानुकूलन यंत्रांचा भार सर्वांत जास्त असतो. म्हणून तेवढ्याच भारासाठी केबलला उघड्या तारेपेक्षा जाड धातू लागतो. एका चरात चार केबली चिकटून टाकल्या तर त्या एकमेकींना तापवतात आणि प्रत्येकीची क्षमता घटते. देशावरच्या काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि केबलच्या जोडांवर वर्षातून दोनदा ताण देते.

आवरणाचा इतिहास दोन टप्प्यांचा आहे. आधी तेलात भिजवलेला कागद आणि त्यावर शिशाचे कवच. अशा केबली अनेक शहरांत पन्नास वर्षांहून अधिक चालल्या. १९६० नंतर प्लॅस्टिकच्या कुळातले एक्सएलपीई आले. ते हलके, स्वच्छ आणि तेलाशिवाय चालणारे होते. सुरुवातीच्या केबली मात्र अपेक्षेपेक्षा लवकर गेल्या. आवरणात ओल शिरली की विजेच्या ताणाखाली तिथे झाडासारख्या सूक्ष्म फांद्या फुटतात आणि त्या वाढत वाढत आवरण पोखरतात. पुढे कच्चा माल शुद्ध झाला, कारखान्यातली प्रक्रिया कोरडी झाली, पाणी अडवणारे थर आले आणि हा दोष बराच आटोक्यात आला.

राहिला जोड. केबल ड्रमवर येते ती ठरावीक लांबीची, त्यामुळे काही अंतरावर तिला जोडावे लागते. जोड हा तिचा सर्वांत दुबळा भाग. जॉइंटर खड्ड्यात बसून एकेक थर ठरलेल्या मापाने सोलतो. आतल्या आवरणावर सुरीचा ओरखडा उठता कामा नये, धुळीचा कण राहता कामा नये, घामाचा थेंबही पडता कामा नये. मग धातूची नळी दाबून तारा जोडायच्या, थर परत चढवायचे आणि बाहेरचे वेष्टन आचेवर आवळून घ्यायचे. घाईत केलेला जोड त्या दिवशी बोलत नाही. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यात फुटतो. हे काम मीटरच्या दरात गुंडाळून स्वस्तात उरकून घेणे ही पूर्ण प्रकल्पातली सर्वांत महाग काटकसर आहे. प्रत्येक जोडाची जागा, तारीख आणि तो करणाऱ्याचे नाव नोंदवहीत असायला हवे.

खांबावरची तार तुटली तर लाइनमनला ती दिसते आणि वीज सहसा काही तासांत परत येते. जमिनीतला फॉल्ट दिसत नाही. तो शोधायला आधी केबलमध्ये विजेचा सूक्ष्म ठोका सोडतात. ठोका केबलमधून प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने धावतो, बिघाडावर आपटून परततो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. हे अंतर केबलच्या लांबीवरचे असते. रस्त्यावरचा बिंदू त्यावरून थेट कळत नाही. म्हणून मग मोठ्या दाबाचे झटके देतात. बिघाडाच्या जागी दर झटक्याला जमिनीखाली धप्प असा आवाज होतो आणि माणूस रस्त्याला यंत्र लावून तो ऐकत चालतो. गर्दीच्या रस्त्यावर हे काम रात्रीच जमते. त्यानंतर खोदाई, खड्ड्यातले पाणी उपसणे, नवे जोड. यात दिवस जाऊ शकतो.

म्हणूनच भूमिगत जाळे वळसा घालणारे असावे लागते. केबल एका उपकेंद्रातून निघून वस्तीतल्या रोहित्रांना जोडत दुसऱ्या टोकाला पुन्हा पुरवठ्याशी मिळते. मध्ये रिंग मेन युनिटच्या पेट्या असतात. एक तुकडा गेला की दोन पेट्यांमध्ये तो वेगळा काढायचा आणि बाकीच्यांना दुसऱ्या बाजूने वीज द्यायची. बिघाड मग सावकाश दुरुस्त केला तरी चालतो. हा वळसा वगळून नुसत्या तारा पुरल्या तर वीज कमी वेळा जाते, पण गेली की दिवसभर जाते. अशा कामाला सुधारणा म्हणणे रहिवाशांवर अन्याय आहे.

जमिनीखालची जागा रिकामी नसते. जलवाहिनी, मलवाहिनी, गॅसची नळी, टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या केबली, ऑप्टिकल फायबर आणि झाडांची मुळे यांच्यातून चर काढावा लागतो. काशीच्या जुन्या भागात सुमारे १६ चौरस किलोमीटरमधल्या तारा गेल्या दशकात भूमिगत केल्या गेल्या, त्या दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशा गल्ल्यांमधून. ब्रह्मघाट-दुर्गाघाटाकडच्या मराठी वस्तीत गेलेल्यांना त्या गल्ल्या ठाऊक असतील. यंत्र आत शिरत नाही अशा ठिकाणी हातानेच खोदावे लागते आणि आधीच्या नळांचा नकाशा नसला की प्रत्येक घाव अंदाजाने बसतो. खोदण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. मात्र मालकाकडेच नकाशा नसेल तर कळवूनही उत्तर येणार नाही. केबल टाकतानाच तिचे अक्षांश-रेखांश आणि खोली नोंदवली तर नकाशाचे काम जवळजवळ फुकटात होते. वीस वर्षांनी तीच माहिती मिळवायला खोदावे लागते.

झाडांचा हिशेबही सरळ नाही. तारा गेल्यामुळे फांद्यांची दरवर्षीची छाटणी टळते, हे खरे. खोडाला लागून चर काढला तर मात्र आधाराची मुळे तुटतात आणि ते झाड पुढच्या एखाद्या वादळात आडवे होते. मोठ्या झाडाजवळ उघडा चर न काढता आडव्या छिद्रणाने नळी खालून पलीकडे न्यावी. त्याचा जादा खर्च देण्यासारखा आहे.

पुराच्या पाण्याचा केबलला सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो रस्त्याकडेच्या वीज वाटणाऱ्या पेटीला, म्हणजे फीडर पिलरला, तळघरातल्या मीटरना आणि सखल जागेतल्या उपकेंद्रांना. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपकेंद्रांत पाणी शिरल्याने उपनगरांतले मोठे भाग अंधारात गेले. तेव्हा केबल खाली न्यायची, पण पेट्या पुराच्या खुणेच्या वर, चौथऱ्यावर चढवायच्या.

वाऱ्यापुढे मात्र भूमिगत वाहिनीला तोड नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत खांब आडवे झाले आणि कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे विजेविना काढले. विजेपाठोपाठ नळाचे पाणी आणि मोबाइलही गेले. विशाखापट्टणमला ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद वादळाने झोडपल्यावर जागतिक बँकेच्या साहाय्याने तिथे तारा पुरायला घेतल्या गेल्या. कोकणात अलिबाग आणि रत्नागिरी इथली भूमिगत केबलची कामे राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पात घेण्यात आली. किनाऱ्यावरच्या गावांचा या यादीत पहिला हक्क आहे.

भूमिगत वाहिनी उघड्या तारांच्या कित्येक पट महाग पडते आणि त्यात केबलइतकाच वाटा खोदाईचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा असतो. महापालिका त्यासाठी मीटरमागे शुल्क घेते. पावसाळ्यात खोदाई बंद असल्याने हातात उरतात ते ऑक्टोबर ते मे हे महिने. वीज कंपनीचा भांडवली खर्च राज्य विद्युत नियामक आयोगाने मान्य केला की तो दरातून वसूल होतो, म्हणजे त्या रस्त्यावर कधीही पाऊल न टाकणारा ग्राहकही त्याचा वाटा उचलतो. तेव्हा कुठल्या गल्ल्या आधी घ्यायच्या, हे गॅलरी आणि तार यांच्यातल्या अंतरावरून आणि झालेल्या अपघातांवरून ठरायला हवे. रुंद रस्ता आणि चांगला फुटपाथ असलेली वसाहत थांबू शकते. रस्ता काँक्रीटचा होणार असेल तर त्याच्या आधी रिकाम्या नळ्या टाकून ठेवल्या की पुढची पन्नास वर्षे तो न फोडता केबल ओढता येते. बंगळुरूत टेंडरशुअर या रस्तेसुधारणा योजनेतल्या रस्त्यांवर फुटपाथखाली अशी सोय केली गेली.

शेवटचा टप्पा खांब काढण्याचा, आणि तोच बहुधा अर्धवट राहतो. केबल सुरू झाली की प्रत्येक घराची जोडणी रस्त्याकडेच्या छोट्या पेटीवर, म्हणजे मिनी पिलरवर, घ्यावी लागते, खांबावरचा रस्त्याचा दिवा दुसरीकडे हलवावा लागतो, आणि त्याच खांबावर वर्षानुवर्षे लटकलेल्या टीव्ही व इंटरनेटच्या केबली उतरवाव्या लागतात. त्यांचे मालक वेगळे, परवानग्या वेगळ्या. बेस्टची वीज जमिनीखाली असलेल्या मुंबईतही इमारतींच्या गच्च्यांमधून या केबलींची जाळी लोंबताना दिसतात. त्यांच्यासाठी त्याच चरात वेगळी नळी ठेवून भाडे आकारले, तर वेगळी खोदाई वाचते. मग खांब मुळाशी न कापता पायासकट उपटायचा, खड्डा थराथराने ठोकून भरायचा आणि फुटपाथची फरशी बसवायची.