मुख्य मार्ग मोकळा, फाटा अरुंद

मुंबई-नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग जळंबवरून जातो आणि तेथून सुमारे तेरा किलोमीटरचा एक फाटा खामगावला येतो. कापसाच्या बाजारपेठेसाठी हा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. मुख्य मार्गावर कितीही गाड्या धावोत, खामगावचा माल या फाट्याच्या कुवतीनेच ये-जा करणार. पेढीवरच्या इंटरनेटचेही तसेच आहे. कंपनीची जोडणी हा मुख्य मार्ग; राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची लॅन केबल हा शेवटचा फाटा.

या फाट्याची आठवण बहुधा महिन्याच्या वीस तारखेला होते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना त्या दिवशी जीएसटीआर-३बी भरायचे असते. उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क आणि थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज. लॅपटॉपवरचे चक्र फिरत राहते, दिवस मावळतीला झुकतो, घरी ताटे वाढलेली असतात. वडील कंपनीला दोष देतात, मुलगा मोठा प्लॅन घ्यायला सुचवतो आणि अखेर सारे खापर मुनीमजींच्या माथी फुटते. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी लगेच चोरीचा आळ घेत नाही. आधी पानापानाची बेरीज तपासली जाते. येथेही तोच क्रम धरावा.

प्रथम मोजमाप. लॅपटॉप केबलवर ठेवून आणि मोबाईल राउटरजवळ वाय-फायवर ठेवून, एकामागून एक स्पीड टेस्ट करावी. दोन्हीकडे वेग कमी असेल तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे; तेव्हा आकडे लिहून ठेवून कंपनीकडे तक्रार करावी. दोन्हीकडे वेग चांगला असूनही केवळ करभरणीचे संकेतस्थळ रेंगाळत असेल, तर ती शेवटच्या तारखेची गर्दी असू शकते. त्यावर चार दिवस आधी काम उरकणे हाच उपाय. मोबाईलवर वेग उत्तम आणि केबलवर मंद, असे दिसले तर मात्र दोष फाट्यात शोधावा. मापाचाही घोळ टाळावा: प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाईल मेगाबाईटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाईट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाईट उतरतात.

पुढची पायरी लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये आहे. विंडोजमध्ये नेटवर्कच्या भागात इथरनेट उघडले की ‘लिंक स्पीड’ दिसतो. तो १००० असावा. प्लॅन ३०० चा, पण लिंक १०० ची असेल, तर स्पीड टेस्ट नव्वद-पंचाण्णवच्या आसपास अडणारच. ५०० चा प्लॅन घेऊनही त्यात एका मेगाबिटची भर पडणार नाही. लिंक १० वर उतरलेली असेल किंवा सारखी तुटत असेल, तर मात्र विवरणपत्रही अडखळते.

याचे कारण केबलच्या पोटात आहे. तिच्यात आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला दोन जोड्या पुरतात. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या १००० च्या वेगाला चारही लागतात. एखादी तार उंदराने कुरतडली, कपाटाखाली चेपली किंवा टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसली नाही, की जोडणी बहुधा कोणतीही सूचना न देता १०० वर उतरते. दिवा लागलेला असतो, काम चालू असते. म्हणून संशय येत नाही.

तपासणी एका वेळी एकाच गोष्टीची करावी. कॅट-५ई किंवा कॅट-६ ची आखूड, चांगली केबल घेऊन लॅपटॉप थेट राउटरला जोडावा. वेग वाढला तर जुनी केबल दोषी. नाही वाढला तर राउटरचा दुसरा पोर्ट पाहावा. काही स्वस्त राउटरचे पोर्ट मुळातच १०० चे असतात. पातळ लॅपटॉपला यूएसबी अडॅप्टर लावला असेल तर त्याचीही कुवत पाहावी. शेवटी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा नेटवर्क ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ ही निवड ‘ऑटो’वर ठेवावी.

पेढीपासून गोदामापर्यंत केबल न्यायची असेल तर शंभर मीटरची मर्यादा पाळावी, विजेच्या तारेसोबत एकाच नळीतून ती ओढू नये आणि तांब्याचा केवळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल टाळावी.

ही सारी तपासणी अर्ध्या तासाची आहे. तेवढ्याने मोठ्या प्लॅनचा दरमहाचा वाढीव खर्च वाचू शकतो. त्याहून मोलाचे म्हणजे, ज्याच्या खाती दोष नाही त्याच्या नावे तो लिहिला जात नाही.