हाक कोणाची ऐकू जाते?

समुद्रावर संकटात सापडलेल्या नौकेने मदत कशी मागावी, याचे नियम टक्कर टाळण्यासंबंधीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या चौथ्या परिशिष्टात दिले आहेत. दर मिनिटाला तोफेचा बार, लाल तारे उधळणारे अग्निबाण, नारिंगी धूर, रेडिओवरील 'मेडे', पेटविलेले डांबराचे पीप, इतकेच नव्हे तर दोन्ही बाजूंना पसरलेले हात सावकाश वरखाली करणे, या साऱ्या खुणा तेथे नमूद आहेत. संकट नसताना त्यांचा वापर करण्यास मनाई आहे आणि ती रास्तच आहे. खोट्या हाकेने खऱ्या हाकेचे मोल घटते.

परंतु हाक देणाऱ्याची शिस्त हा या व्यवहाराचा केवळ अर्धा भाग झाला. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडत असता तिचे अग्निबाण 'कॅलिफोर्नियन' जहाजावरून दिसले होते. पण तेथील एकमेव बिनतारी ऑपरेटर झोपी गेला होता व त्याला कोणी उठविले नाही. मदतीस धावलेल्या 'कार्पेथिया'वरही एकच ऑपरेटर होता. तो योगायोगाने जागा राहिला, म्हणून सातशेच्या वर माणसे वाचली. सुमारे पंधराशे बुडाली. दुसऱ्या ऑपरेटरचा पगार वाचविणे हा मालकांच्या लेखी काटकसरीचा हिशेब होता. त्याची किंमत मात्र प्रवाशांनी व खलाशांनी मोजली. अहोरात्र बिनतारी पहाऱ्याचा नियम १९१४ च्या करारात आला, तो त्यानंतर!

आजही हाकेचा पल्ला ऐपतीवर ठरतो. १९९९ पासून पूर्णपणे लागू असलेली जागतिक संकट-संदेश यंत्रणा आंतरराष्ट्रीय सफरींवरील प्रवासी जहाजांना व ३०० टनांपासून पुढच्या मालवाहू जहाजांना बंधनकारक आहे. मासेमारी नौका तिच्या कक्षेबाहेर आहेत. उपग्रहाद्वारे गेलेली हाक किनाऱ्यावरील केंद्रापर्यंत पोहोचते. पसरलेले हात क्षितिजापर्यंतही दिसत नाहीत. आपल्या इस्रोने मच्छीमारांसाठी संकट-इशारा यंत्र विकसित केले आहे. २०२४ साली आलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत हाक पोहोचल्याची पोच नौकेवर परत मिळते. म्हणजे प्रश्न तंत्रज्ञानाचा उरलेला नाही, वाटपाचा आहे.

म्हणून कोकण किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांनी मच्छीमार सहकारी संस्थांसह ही मागणी लावून धरावी: खोल समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक नौकेवर असे यंत्र सरकारी खर्चाने बसवावे, हंगामापूर्वी ते तपासले जावे, आणि तांडेलाबरोबर प्रत्येक खलाशालाही ते चालविता यावे. हाक कशी द्यावी हे कायद्याने सांगितले आहे. ती ऐकू जाईल अशी तजवीज करणे हे समाजाचे कर्तव्य आहे.