आप्पासाहेब पंत : शोभेचे राजदूत नव्हेत

१/५
‘स्वातंत्र्यानंतर राजपुत्रांना वकिलाती आंदण मिळाल्या’, हे विधान सर्रास ऐकू येते. आप्पासाहेब पंतांविषयी ते अन्यायकारक आहे.

२/५
जयसिंगपूरहून रेल्वेने मिरज ओलांडून पुण्याकडे निघालात, की किर्लोस्करवाडी लागते. ती वसली औंध संस्थानात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे आप्पासाहेबांचे वडील.

३/५
१९३९ साली औंधने राज्यघटना स्वीकारून सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. गांधीजींच्या सल्ल्याने झालेल्या या प्रयोगात ऑक्सफर्डहून परतलेले आप्पासाहेब अग्रभागी होते. राजघराण्याने आपलीच सत्ता सोडली!

४/५
१९४८ मध्ये नेहरूंनी त्यांना भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस पाठविले. स्वतःपुरत्या सवलती न मागता आफ्रिकी जनतेच्या बाजूने उभे राहा, असा आग्रह त्यांनी तेथील भारतीयांकडे धरला. गोरे वसाहतवाले संतापले. ब्रिटिशांनी दिल्लीकडे तक्रारी केल्या. शोभेच्या राजदूताविरुद्ध साम्राज्य कशाला तक्रार करील?

५/५
नेमणुकीत कुळाचा वाटा नव्हता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु सत्ता हाती असताना माणूस काय करतो, तेथेच त्याची परीक्षा होते. औंध आणि नैरोबी, दोन्ही ठिकाणी आप्पासाहेब त्या परीक्षेस उतरले.