बंदूक थांबली, पण निर्णय कोणाचा?



१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत माओवाद्यांचे मोठे नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्याच वर्षी १ जानेवारीला त्यांच्या पत्नी तारक्का शरण आल्या होत्या. गडचिरोलीत आता शांतता नांदणार, असं सगळीकडे बोललं जातंय. यापुढे कुणा आईचं लेकरू गोळीनं जाणार नसेल तर आपल्याला आनंदच आहे. पण गोळीबार थांबला म्हणजे शांतता आली का?

आपल्या देशात यादवी आहे असं कुणी म्हणत नाही. तरीही १९८०च्या सुमारास सशस्त्र दलम या जंगलात आले, तेव्हापासून भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या गावांनी युद्धच भोगलं. मे २००९ मध्ये हत्तीगोट्याच्या हल्ल्यात १६ पोलीस मारले गेले, त्यांत पाच महिला पोलीस होत्या. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया आणि लगेच पुढच्या चकमकीत मिळून ४० जण मारले गेले, त्यांतही कितीतरी तरुण मुली होत्या. दोन्हीकडच्या मुली बहुतेक गरिबाघरच्याच. गावातल्या बाईची कोंडी तर वेगळीच. रात्री दलमचे लोक येऊन जेवण मागत, नाही म्हणायची सोय नसे. सकाळी पोलीस येऊन विचारत, रात्री कुणाला जेवू घातलंस? एकीकडे खबऱ्या ठरायची भीती, दुसरीकडे नक्षलसमर्थक ठरायची.

दोन्ही बाजू आदिवासींच्याच नावानं बोलत राहिल्या. आदिवासींना काय हवंय, हे विचारायची गरज मात्र फारशी कुणाला वाटली नाही.

गावांनी ते न विचारताच सांगितलं होतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा आपल्याला माहीत आहे : दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. हातात बंदूक न घेता, बहुमतानंही नाही तर सर्वसहमतीनं निर्णय घेत या गावानं सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली मिळवला. १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा यांनी असा स्वयंनिर्णय ग्रामसभेच्या हाती दिला आहे. वनहक्काच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव हवं, वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका हव्यात, असंही कायदा-नियम सांगतात.

मग अडतं कुठे? सुरजागडच्या डोंगरावर ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा भाडेपट्टा २००७ साली दिला गेला. तिथल्या ठाकूरदेवाच्या यात्रेला सत्तर गावं जमतात. नव्या खाणी नकोत म्हणून २०२३ साली तोडगट्ट्याला गावकरी कित्येक महिने धरणं धरून बसले, त्यांत बायकाही होत्या. नोव्हेंबरात पोलिसांनी ते उठवलं. खाणीमुळे काही हातांना काम मिळालं, हे खरं आहे, आणि त्या कामाची गरज नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण मोहफूल, तेंदूपान, डिंक, सरपण यांवर बाईच्या हातात जो थोडाफार पैसा येतो, तो जंगलाबरोबर जातो. त्याची भरपाई कोणत्या कागदावर मांडली जाते? आजवर खाणीला विरोध केला की नक्षलवादी ठरवणं सोपं होतं. आता ते निमित्त उरलेलं नाही. यापुढे 'नाही' म्हणणाऱ्या गावाचं ऐकून घेतलं जातं का, हीच शांततेची परीक्षा आहे.

आणि ही परीक्षा गावाचीही आहे. पाळीच्या दिवसांत बाईला कुर्माघरात बसवणारी ग्रामसभा जंगलाबद्दल कितीही चांगलं बोलली, तरी तिचा स्वयंनिर्णय अर्धाच. जिला स्वतःच्या शरीराबद्दल निर्णय घेता येत नाही, तिच्या नावानं गाव स्वतंत्र झालं असं कसं म्हणायचं?

२००३ साली लायबेरियातल्या पांढरे कपडे घातलेल्या बायकांनी वाटाघाटींच्या सभागृहाचे दरवाजे अडवले. करार झाल्याशिवाय पुढाऱ्यांना बाहेर सोडणार नाही, असं त्या म्हणाल्या. आपल्याकडे तर वाटाघाटींचं टेबलच मांडलं गेलं नाही. एक बाजू शरण आली, दुसरी जिंकली, आणि मधली गावं पाहत राहिली. म्हणूनच ग्रामसभा हेच आता वाटाघाटींचं टेबल व्हायला हवं. खाण, रस्ता, पोलीस ठाणं, दारू, शाळा, सगळ्याची चर्चा तिथे व्हावी, आणि तिथे बायका पुरुषांच्या मागे नव्हे, बरोबरीनं बसाव्यात.

हिंगणघाटच्या बायकांनी गडचिरोलीकडे नुसतं हळहळून पाहू नये. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं आपल्या राज्याचा कायदा सांगतो. आपल्या तालुक्यात ती किती गावांत खरोखर भरते आणि किती ठिकाणी फक्त सह्या गोळा होतात? पुढच्या ग्रामसभेच्या आधी प्रत्येकीनं आपल्या गावाचं सभेचं रजिस्टर मागून पाहावं. स्वयंनिर्णय हा शब्द फार मोठा वाटतो, पण त्याची सुरुवात इतकी साधी आहे.