रिंग जव्हारात मिळते का?

"काकू, भाषा कोणती घ्यायची?" पुण्याहून आलेल्या मुलानं विचारलं. मी म्हटलं, "अरे, मराठीच! वारली येणारी कुणी असली तर सोन्याहून पिवळं." तो हसायलाच लागला. त्याला प्रोग्रामिंगची भाषा विचारायची होती. पीएचपी, जावा की पायथॉन?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपला नाही असं वाटेल. पण ऐका तर. जव्हार-मोखाड्यातल्या काही पाड्यांवरच्या मुलांची वजनं आम्ही चार-पाच जणी वहीत लिहितो. अंगणवाडीची नोंद वेगळी, ही आमची आपली. १९९२ साली वावर-वांगणीत मुलं दगावली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला हा भाग दिसला. दिवाळी झाली की इथली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मूल तिकडे आणि वही इकडे. म्हणून ही नोंद इंटरनेटवर हवी, म्हणजे भट्टीवर जाणाऱ्या कार्यकर्तीलाही ती दिसेल.

एकदा हे करूनही झालं. उत्साही तरुणांनी फुकटात, अगदी नव्या कोऱ्या भाषेत बांधून दिलं. मग त्यांना नोकऱ्या लागल्या, सगळे पांगले. पावसाळ्यात ते बंद पडलं आणि ठाण्यापर्यंत कुणी हात लावेना. वजनं आतच अडकली. त्यात एक मुलगी होती, तीन महिने वजन न वाढलेली. तिचे आईबाप भट्टीवर गेले, तेव्हा तिकडच्या ताईला सांगायला आमच्याकडे आकडाच नव्हता.

चूक आमचीही होती. कुकर घेताना आपण रिंग जवळच्या बाजारात मिळते का ते बघतो, मग इथेच का नाही पाहिलं? माझं मत असं की, भाषा कितीही भारी असो, दुरुस्त करणारं माणूस जव्हारात नसेल तर ती आपल्या कामाची नाही. जावा दणकट असेल, मोठमोठ्या बँका त्यावर चालतात. आमची काही बँक नाही. इथल्या एका मुलीला पीएचपी येतं आणि ते चालवायला इंटरनेटवर जागाही स्वस्तात मिळते. मी पीएचपी म्हटलं.

तरी मराठीची परीक्षा घ्यायला लावलीच. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, त्यात पोषण ट्रॅकर इंग्रजीत आहे हीही तक्रार होती. ते लक्षात होतं. "मोखाडा" शब्दात अक्षरं किती ते यंत्राला विचारलं. आपल्या लेखी ३. पायथॉन म्हणालं ६, कारण काना-मात्रा ते वेगळे धरतं. पीएचपीच्या साध्या आज्ञेनं सांगितलं १८! ते अक्षरं मोजतच नाही, बाइट मोजतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. नावाला २० ची मर्यादा घातली असती तर निम्म्या पोरांच्या नावांची शेपटं तुटली असती. पीएचपीत चिन्हं नीट मोजणारी वेगळी आज्ञा आहे, ती वापरली की ६ येतात. पण ती आठवणीनं वापरावी लागते, हा पायथॉनचा वरचष्मा मी मान्य करते.

रेंज नसताना नोंद फोनमध्येच राहावी, हे काम ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट करते, तिथे निवडायचं काही नव्हतं. एक अट मात्र मी हट्टानं घातली. दर महिन्याला सगळी वजनं साध्या तक्त्यात बाहेर काढून आमच्या हातात द्यायची. उद्या भाषा बदलली तरी आकडे आपले.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ती मुलगी परतली, हडकलेली. पहिली नोंद तिचीच केली, ८ किलो १००. मागच्या वजनाच्या रकान्यात काही भरता आलं नाही.