ऊब घरांना की कढयांना?

डेन्मार्क, स्वीडन या देशांत एका केंद्रात लाकडाच्या ढलप्या जाळून तापविलेले पाणी जमिनीखालच्या नळांनी घरोघर खेळविण्याची जी व्यवस्था रूढ झाली आहे, तिची थोरवी ऐकून काही जण असे प्रतिपादन करतात की, जयपूरच्या दक्षिणेस वसलेल्या आणि पौष-माघात गारठणाऱ्या सांगानेरच्याही मोहल्ल्यामोहल्ल्यांत तशीच सामायिक भट्टी उभारावी. म्हणजे शेकोट्या विझतील, धूर हटेल, आणि लाकूड पुन्हा उगवणारे असल्यामुळे सृष्टीवर बोजाही पडणार नाही.

या पक्षातील एक गोष्ट निःशंक कबूल केली पाहिजे. विखुरलेल्या शेकोट्यांत लाकूड अर्धवट जळते व धूर नाकातोंडात जातो. उंच धुराडे व धूलिनिवारक यंत्रणा असलेली एकच बंदिस्त भट्टी त्यांहून निश्चित श्रेयस्कर. परंतु जयपुरास जानेवारीतही पहाटेचा पारा सरासरी आठ अंशांच्या आसपास उतरला, तरी दुपारी तो बाविसाच्या घरात चढतो. जी नळयोजना वर्षातील जेमतेम दोन महिने, तीही रात्रीपुरती, राबणार, तिचे भांडवल फिटावे कसे? छपराखालच्या माणसाला जयपुरी रजई पुरते. आणि ज्याला छप्परच नाही, त्याच्यापर्यंत हा नळ कधीच पोहोचणार नाही, त्याला रैनबसेराच, म्हणजे रात्रीचा निवाराच, हवा.

दुसरा मुद्दा लाकडाच्या निर्दोषतेचा. एक गिगाज्यूल एवढ्या समान उष्णतेसाठी दगडी कोळशातून सुमारे ९५, तर लाकडातून सुमारे ११२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे ऋण नवे झाड फेडते खरे. परंतु जुन्या वृक्षाच्या बाबतीत त्या फेडीस कित्येक दशके लागतात, आणि वखारीच्या पावतीवर ही मुदत कोणी लिहीत नाही.

मग सामायिक उष्णतेची कल्पनाच टाकाऊ काय? मुळीच नाही, तिचा अधिकारी तेवढा चुकला आहे. सांगानेरात उष्णता बारमाही लागते ती छिप्यांच्या, म्हणजे कापडावर ठसे उमटविणाऱ्या कारागिरांच्या, कारखान्यांत: हिरड्यात भिजवून, तुरटी व लोखंडी काटाचे (रंगबंधकाचे) ठसे उमटविलेले कापड अलिझरीन आणि धावडीच्या फुलांसह तांब्याच्या कढईत उकळावे लागते, आणि नव्या रंगांना पक्केपणासाठी वाफ लागते. सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका केंद्रातून अनेक कारखान्यांस नळीने वाफ पुरविण्याचा प्रघात आहे. तोच येथे योजावा. जळणासाठी वृक्ष तोडण्याचे प्रयोजन नाही. देशात सर्वाधिक मोहरी पिकविणाऱ्या या प्रांतात तिची तुडी, म्हणजे मळणीनंतर उरणारा काडीभुसा, दरसाल निपजते, आणि टोंक जिल्ह्यातील उनियारा येथे तिच्यावर वीजकेंद्र चाललेले आहे. उणीव पडल्यास तोडलेल्या खोडातून पुन्हा फुटणारी विलायती बाभूळ आहेच.

यावर अशी तक्रार होईल की, बॉयलर ज्याचा, छिपे त्याचे ताबेदार. ही शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर महाराष्ट्राने कधीच दिले आहे. १९५० साली प्रवरानगरास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या साखर कारखान्याचे मालक ऊस पिकविणारेच होते, आणि साखर कारखान्यांत रस काढून उरलेल्या चिपाडांवरच बॉयलर पेटतात. छिप्यांची सहकारी संस्था वाफेची मालक असावी, दर तिच्या सभेत ठरावा, आणि तुडीचा करार शेतकऱ्यांशी थेट व्हावा. उष्णता बारमाही कोणास लागते हे आधी, जळण किती वर्षांत पुन्हा उगवते हे त्यानंतर, आणि नळ कोठवर न्यावयाचा हे सर्वांत शेवटी ठरवावे. हा क्रम उलटा केल्यास डेन्मार्कचे नळ तेवढे येतील, त्यांचा हिशेब येणार नाही.