शुश्रूषेच्या पायऱ्या

भंडाऱ्याच्या रुग्णालयातून अंथरुणाला खिळलेले वडील वैनगंगा ओलांडून कारध्यातील घरी येतात आणि मुलाला वा सुनेला एका दिवसात परिचारक व्हावे लागते. परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या: नवशिका, प्रगत नवशिका, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. नवशिक्याला ‘अधूनमधून कूस बदला’ हे पुरत नाही. ‘दर २ तासांनी’ असे लिहून द्यावे. सक्षम व्यक्ती कामांचा क्रम स्वतः आखते. तज्ज्ञाच्या नजरेला माकडहाडावरची लाली वेळीच जाणवते. पायरी वर्षांवरून ठरवू नये. “आज काय वेगळे दिसले?” असे विचारावे. उत्तर सुचले नाही, तर रुग्णाचा संपूर्ण भार त्या व्यक्तीवर एकटीवर टाकू नये. नळीने अन्न देण्यासारखे नवे काम आले, की जाणकारही पुन्हा नवशिका होतो, हे ध्यानी असावे.